नोकरी सांभाळून ऑनलाइन इंजिनिअरिंग मॅनेजमेंट: विषयांचा क्रम कसा लावायचा

ऑनलाइन मास्टर्सला प्रवेश मिळाला की पोर्टलवर विषयांची यादी उघडते आणि बहुतेक जण वरून खाली टिक करत जातात. तसं करू नका. ती यादी विद्यापीठाच्या सोयीने लावलेली असते. तुमची शिफ्ट, कंपनीचं ऑडिट, घरची द्राक्षबाग यांचा तिच्याशी काही संबंध नसतो. मी नाशिकच्या अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते आणि नोकरी करत इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचा अभ्यास करते. माझं मत पक्कं आहे: शेवटचा प्रोजेक्ट आधी ठरवायचा आणि तिथून मागे येत येत विषय मांडायचे.

त्याआधी मान्यतेचं काम उरकून घ्या. बी.टेक., एम.टेक. यांसारखे इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायला यूजीसीच्या २०२० च्या नियमांत परवानगी नाही, मॅनेजमेंटचे चालतात. म्हणून आपल्याकडच्या विद्यापीठांत हा अभ्यास बहुधा ऑपरेशन्स किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंट घेऊन केलेल्या एमबीएच्या रूपात मिळतो, आणि ‘मास्टर ऑफ इंजिनिअरिंग मॅनेजमेंट’ या नावाने परदेशी विद्यापीठांत. भारतातलं विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर, त्या वर्षासाठी, त्याच अभ्यासक्रमाचं नाव आहे का ते स्वतः बघा. फोनवरच्या कौन्सेलरच्या शब्दावर जाऊ नका. परदेशी पदवी पुढे सरकारी नोकरीसाठी किंवा पीएच.डी.साठी लावायची असेल, तर समकक्षतेचा प्रश्न, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची धरतात का, फी भरण्याआधी लेखी विचारा.

आता तासांचा हिशोब. इथे हातचं राखून चालत नाही. आपल्याकडे ऑनलाइन अभ्यासक्रमात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. ४ क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. १६ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसात. असे पाच विषय एका सेमिस्टरला असतील तर आठवड्याला साडेसदतीस तास होतात, म्हणजे जवळजवळ दुसरी नोकरीच. अमेरिकी पद्धतीत ३ क्रेडिटच्या विषयाला साधारण १३५ तास लागतात. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला ९ तास, पण तोच विषय ८ आठवड्यांच्या झटपट सत्रात घेतला तर जवळपास १७. ‘फक्त आठ आठवडे’ हे जाहिरातीत फार सोपं वाटतं. जनरल शिफ्ट करून, घरचं बघून आठवड्याला १० ते १२ तास निघतात असं मी धरते. म्हणून एका वेळी एकच विषय घ्या, दोन घेतलेच तर त्यातला एक हलका हवा. अमेरिकी अभ्यासक्रमांत बहुधा ३० क्रेडिट, म्हणजे दहा विषय असतात. तीन वर्षं लागली तरी बिघडत नाही, फक्त कमाल मुदत किती आहे ते नियमांत वाचून ठेवा.

परदेशी विद्यापीठ घेणार असाल तर घड्याळ तपासा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ६ ला सुरू होणारा थेट वर्ग नाशिकला दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे सरकली की तोच वर्ग साडेतीनला येतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथेच राहतो. त्यामुळे प्रत्येक विषयासाठी विचारा की थेट हजेरी सक्तीची आहे की रेकॉर्डिंग चालतं. मुदतीचंही तसंच. रविवारी रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेनऊ-साडेदहा. सोमवारी त्याच वेळी कंपनीत आठवड्याची मीटिंग आणि शनिवारचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, समोर असतं. त्या तासांवर भिस्त ठेवू नका. मी माझी मुदत रविवारच्या जेवणाआधीची धरते.

मग एक मोठा कागद घ्या आणि त्यावर बारा महिने आखा. विद्यापीठाच्या तारखा नंतर, आपल्या आधी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मार्च एंडला डिस्पॅचचा जो रेटा असतो तो कुणाला सांगायला नको. आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे गाड्यांच्या पार्टसाठीच्या क्वालिटीच्या मानकाचं, ऑडिट दरवर्षी ठरलेल्या सुमारास येतं, त्याआधीचा महिना कागदपत्रांत जातो. आमच्यासारखी ज्यांची दिंडोरी किंवा निफाडकडे बाग आहे, त्यांचा छाटणीचा काळ आणि जानेवारीपासूनची काढणी लिहा. दिवाळी लिहा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. तेव्हा रस्ते बंद असतील, घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, कंपनीच्या शिफ्ट बदलतील. नेमकं ऑगस्टअखेरीस अमेरिकेत नवं सत्र सुरू होतं. त्या सत्रात मी एकच विषय घेणार आहे आणि तोही ज्यात ग्रुप असाइनमेंट नाही असा. ग्रुपमध्ये आपल्यामुळे दुसऱ्याचे मार्क जाऊ नयेत, एवढं तरी पाळावं.

कागद भरला की प्रोजेक्टकडे या. विषय आपल्याच शॉप फ्लोअरवरचा निवडा, आणि लहान निवडा. माझा आहे प्रेसवर डाय, म्हणजे पार्टला आकार देणारा साचा, बदलायला लागणारा वेळ. हा वेळ मोजायची पद्धत ठरलेली आहे: आधीच्या डायचा शेवटचा ओके पीस पडला तिथपासून नव्या डायचा पहिला ओके पीस पास होईपर्यंत. बोल्ट सोडणं-आवळणं हा त्यातला एक तुकडा असतो. बाकी वेळ क्रेन शेडच्या दुसऱ्या भागात अडकलेली असते, शिम (फट भरायची पातळ पट्टी) शोधली जात असते, किंवा पहिला पीस माझ्याच टेबलावर तपासणीच्या रांगेत पडलेला असतो. घड्याळ घेऊन सेटरच्या, म्हणजे डाय बसवणाऱ्याच्या, शेजारी उभं राहिल्याशिवाय हे दिसत नाही.

आता या प्रोजेक्टला काय काय लागेल? एका डायला कधी कमी वेळ लागतो, कधी दुप्पट. हा फरक नेहमीचा आहे की काही बिघडलंय, हे कळायला स्टॅटिस्टिक्स. डाय बदलीचा वेळ कमी झाला तर लॉट, म्हणजे एका वेळी काढायचा माल, किती लहान करता येईल, याला ऑपरेशन्स मॅनेजमेंट. तिथलं साधं सूत्र सांगतं की सेटअपचा खर्च चौथ्या हिश्शावर आला की किफायतशीर लॉट निम्मा होतो, म्हणजे डब्ल्यूआयपीत (अर्धवट तयार मालात) अडकलेला पैसा मोकळा होतो. डाय पकडून ठेवणाऱ्या नवीन क्लॅम्पिंगला पैसे मागायचे तर इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स. आणि वीस वर्षं एकाच पद्धतीने डाय बसवणाऱ्या सेटरकाकांना सोबत घ्यायचं तर ऑर्गनायझेशनल बिहेविअर. या शेवटच्या विषयाला इंजिनिअर नाकं मुरडतात, पण प्रोजेक्ट तिथेच अडतो. झाला की तुमचा क्रम: स्टॅटिस्टिक्स सगळ्यात आधी, मग ऑपरेशन्स, मग इकॉनॉमिक्स, आणि माणसांचा विषय प्रोजेक्टच्या लगेच आधी, म्हणजे शिकलेलं ताजं असतानाच वापरता येतं.

इकॉनॉमिक्स लवकर घ्या, असं मी मुद्दाम सांगते. एक उदाहरण मांडते, आकडे समजण्यापुरते. २४ लाखांची मशीन, वर्षाला ७ लाखांची बचत, आयुष्य ५ वर्षं. साडेतीन वर्षांच्या आत पैसे वसूल, म्हणून सगळे खूश. पण १२ टक्के दराने पुढच्या बचतीचं आजचं मूल्य काढलं तर ते येतं सुमारे २५.२३ लाख, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास फायदा. तोच दर १५ टक्के धरा: मूल्य २३.४७ लाखांवर येतं आणि सौदा पन्नासेक हजारांनी तोट्यात जातो. लहान व्हेंडरला कर्ज किती टक्क्यांनी मिळतं यावर अख्खा निर्णय फिरतो. हे एकदा हाताने सोडवलं की पुढच्या प्रत्येक विषयात मालकांशी बोलण्याची भाषा बदलते. फायनान्स आणि अकाउंटिंग त्यानंतर सोपं जातं.

दोन विषय एकत्र घेतलेच तर जोडी अशी लावा: आकडेमोडीचा एक, लिखाणाचा एक. स्टॅटिस्टिक्स आणि फायनान्स एकाच सत्रात घेऊ नका. सप्लाय चेन, कायदा, नीतिशास्त्र हे कुठेही बसतात. मात्र दरेक विषय दरेक सत्राला शिकवला जात नाही, म्हणून पुढच्या दोन वर्षांचं विषयांचं वेळापत्रक विद्यापीठाच्या ॲडव्हायजरकडून मेलवर मागवून घ्या. कोणत्या विषयाआधी कोणता सक्तीचा आहे तेही विचारा. नाहीतर एका विषयासाठी वर्षभर थांबायची वेळ येते.

इतकी फी भरण्याआधी स्वतःची चाचणी घ्यायची असेल तर एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, मॅनेजमेंटचा एखादा १२ आठवड्यांचा विषय करा. नोंदणी मोफत असते, फी फक्त परीक्षेची. दर आठवड्याला असाइनमेंट, त्यातल्या उत्तम ८ धरतात. त्यांना २५ मार्क आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० तरी हवेत. बारा आठवडे असाइनमेंट वेळेत गेल्या तर पदवीचा अभ्यास तुम्हाला झेपेल. नोकरी करून शिकणं नाशिकला नवीन नाही; गोवर्धनला मुख्यालय असलेलं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय, आणि तिथे शिकलेला कुणीतरी तुमच्याही लाइनवर असेल. त्याला विचारा तो कधी अभ्यास करायचा. मला अशाच एका सुपरवायझरने सांगितलं, रोज पहाटे एक तास आणि सुट्टीच्या दिवशी सलग चार, आणि मी तेच करते.

कंपनीशीही आधी बोला. प्लँट हेडना प्रोजेक्टचा विषय सांगा, कुठला डेटा वापरू देतील ते लेखी घ्या. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर आणि किमती बाहेर जाता कामा नयेत. मी पार्टला ‘अ’, ‘ब’ अशी नावं देते आणि रुपयांऐवजी टक्के लिहिते. ही परवानगी प्रोजेक्टच्या सत्रात मागायला गेलात तर निम्मं सत्र सह्यांत जाईल, म्हणून स्टॅटिस्टिक्स सुरू असतानाच मागा. तेव्हापासून डेटा गोळा होऊ लागतो.

शेवटी, अमेरिकी विद्यापीठांत सत्र सुरू झाल्यावर विषय सोडण्याच्या बहुधा दोन तारखा असतात. पहिलीपर्यंत सोडला तर फी परत मिळते आणि गुणपत्रिकेवर खूण राहत नाही. दुसरीपर्यंत सोडता येतो, पण खूण राहते आणि पैसे बहुधा जातात. दोन्ही तारखा मोबाइलमध्ये घाला, पहिलीच्या चार दिवस आधीचा गजर लावा, आणि त्या दिवशी सिलॅबस, शिफ्टचा चार्ट आणि तो बारा महिन्यांचा कागद शेजारी ठेवून ठरवा.