इंदूरच्या बाजारात भीक आणि बेघरपणाविषयी लोकमत कसे अजमावावे

राजवाडा, सराफा, सीतलामाता बाजार किंवा छप्पन दुकान या भागांत भीक मागणाऱ्यांविषयी आणि रस्त्यावर राहणाऱ्यांविषयी लोकांना काय वाटते, हे एखाद्या मंडळाला किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना जाणून घ्यायचे असेल, तर प्रश्नावली छापण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की भीक देणाऱ्यावरही कारवाई झालेले हे शहर आहे. जिल्हा प्रशासनाने 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याचा आदेश लागू केला, तसे गुन्हे नोंदले गेले आणि भीक मागणाऱ्याची माहिती देणाऱ्यास 1000 रुपयांचे बक्षीसही जाहीर झाले. अशा स्थितीत ‘तुम्ही भीक देता का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ असेच उत्तर देतील, आणि त्या उत्तरावरून लोकांच्या मनाचा नव्हे, फक्त त्यांच्या सावधपणाचा अंदाज येईल.

म्हणून प्रश्न तिऱ्हाईताविषयी विचारावा. देवळाबाहेर बसलेली वृद्धा, सिग्नलवर पेन विकता विकता पैसे मागणारे मूल आणि धडधाकट दिसणारा तरुण यांपैकी एकाचेच वर्णन प्रत्येक उत्तरदात्यासमोर ठेवावे आणि ‘तुमच्या ओळखीचे लोक अशा वेळी काय करतील?’ असे विचारावे. कोणाला कोणते वर्णन मिळेल हे आधी चिठ्ठ्या टाकून ठरवावे. तिन्ही गटांच्या उत्तरांत जो फरक पडेल, त्यातून दया, संशय आणि चीड यांच्या मर्यादा कळतात. सरसकट ‘भिकाऱ्यांविषयी’ विचारल्यास प्रत्येक जण आपल्या मनातल्या भिकाऱ्याविषयी बोलतो.

भीक आणि बेघरपणा यांचे प्रश्न मात्र कटाक्षाने वेगळे ठेवावेत. फुटपाथवर झोपणाऱ्यांत हमाल, रोजंदारीचे मजूर आणि कचरा वेचणारे असतात, तर भीक मागणाऱ्यांपैकी काहींना राहायला घर असते. ‘यांना हटवावे का?’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नये. जानेवारी 2021 मध्ये महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी बेघर वृद्धांना गाडीत घालून शिप्रा गावाजवळ महामार्गालगत उतरवले, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि त्या वृद्धांना परत आणावे लागले. या घटनेवर लोक संतापले, पण बाजार मोकळा असावा असे त्यांच्यापैकी अनेकांनाही वाटत असणारच. त्यामुळे कोठे, कसे आणि कोणाच्या संमतीने हलवावे, असे विचारले तरच उत्तराला अर्थ येतो. सोबत जवळचा रैन बसेरा, म्हणजे बेघरांसाठीचा निवारा, कोठे आहे, हेही विचारावे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी चोवीस तास उघडा निवारा असायला हवा. 2011 च्या सुमारे 20 लाख लोकसंख्येला तो लावला तर सुमारे 2000 जणांची सोय हवी. हा हिशेब मुलाखतीच्या शेवटीच सांगावा आणि मत बदलले का, ते पुन्हा विचारावे.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा आहे. 2017 ते 2023 या काळात राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सतत पहिला क्रमांक मिळवलेल्या शहराला त्याचा अभिमान आहे, आणि सुरुवातीलाच स्वच्छतेचा विषय काढला तर पुढची उत्तरे कठोर होण्याचा संभव असतो. म्हणून तो शेवटी ठेवावा. रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घरांत नातवाच्या मुंजीत हौसेने भिक्षावळ घालणारी, संकष्टीला खजराण्याच्या गणपतीला जाणारी आजी दानाला कर्तव्य मानते आणि बाजारातून भिकारी गेले म्हणून समाधानही व्यक्त करते. दोन्ही मते तिचीच आहेत; प्रश्नावलीत दोन्हींना स्वतंत्र जागा असावी आणि त्यांतील एक निवडण्याची सक्ती करू नये.

सराफ्यात दिवसा दागिन्यांचे ग्राहक असतात आणि रात्री खवय्यांची गर्दी होते, म्हणून दोन्ही वेळा जावे. दुकानदार, ठेलेवाले, ग्राहक आणि सफाई कामगार यांची उत्तरे वेगवेगळी मोजावीत. रस्त्यावर राहणाऱ्यांनाही विचारावे, पण छायाचित्र घेऊ नये किंवा नाव लिहू नये. बक्षिसाच्या घोषणेनंतर वही आणि मोबाइल घेऊन आलेला माणूस त्यांना खबऱ्याच वाटणार. एकटे किंवा कोणाच्या धाकाखाली असलेले मूल आढळल्यास मुलाखत थांबवून 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. मानसिक आजाराने भटकणारी व्यक्ती दिसल्यास पोलिसांना सांगावे, कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार तिला संरक्षण देणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

अहवालात ‘इंदूरकरांचे मत’ असा दावा करू नये, कारण बाजारात भेटलेली माणसे म्हणजे सारे शहर नव्हे. कोणत्या वेळी, कोणाला आणि नेमक्या कोणत्या शब्दांत विचारले हे छापावे, आणि उत्तर द्यायला नकार देणाऱ्यांची संख्या ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांत न मिसळता स्वतंत्र रकान्यात द्यावी.