बांधकाम फर्मचं दफ्तर: फाइल प्लॉटच्या नावाने लावा

घरच्या फर्ममध्ये अर्धा हिशेब वडिलांच्या डायरीत, चलानं गाडीच्या डिक्कीत आणि बिलं सीएकडे असतात. ती एकत्र आणताना वर्षावार गठ्ठे बांधू नका. प्रत्येक प्लॉटची वेगळी फाइल करा, कारण पुढे विचारणा येते ती प्लॉटच्या नावाने.

फाइलमध्ये सगळ्यात वर जागेचे कागद ठेवा: विक्रीपत्र, सातबारा किंवा आखीव पत्रिका, गुंठेवारीतला (विनामंजूर ले-आउटमधला) प्लॉट असेल तर आरएल, म्हणजे तो नियमित केल्याचं पत्र, मग मंजूर नकाशा. नागपुरात नकाशा मनपाचा, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे कव्हरवरच लिहा. नाहीतर ऐनवेळी भलत्याच दारात उभं राहावं लागतं.

खरी गळती मालाच्या नोंदीत होते. रेती मोजताना टिप्परमधला ढीग आधी सपाट करून घ्या. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणून 100 ने भागलं की ब्रास निघतो. 12 × 7 × 3 म्हणजे 2.52 ब्रास. रेती ओलसर असेल तर चलानावर तसं लिहा, ती फुगून जास्त भरते. सळईचं वजन म्हणजे मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, इतके किलो प्रति मीटर. 12 मिमीची 12 मीटर सळई साधारण 10.66 किलो होते. नग मोजून काटा पावतीशी (वजनकाट्याच्या पावतीशी) ताळा करा. 5 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर माल उतरवण्याआधीच बोला. काटा पावतीची छपाई उन्हाने पुसते (नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका), म्हणून त्याच दिवशी फोटो काढून आकडा रजिस्टरात चढवा.

स्लॅब किंवा फुटिंग (पायाचा तळ) भरण्याआधी सळईचे फोटो मोजायची टेप लावून घ्या. काळ्या मातीत पाया किती फूट खाली गेला, मुरूम कुठे लागला, हेही लिहा. क्यूबवर (काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्यावर) तारीख आणि जागा कोरा, 7 आणि 28 दिवसांचे ताकदीचे रिपोर्ट त्याच पानाला जोडा. तारीख नसलेला क्यूब कोणत्या स्लॅबचा, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही.

मजुरांची खर्ची (मजुरीतली आगाऊ उचल) हजेरीच्याच रजिस्टरात, सहीसह. घरखर्चाला उचललेली रक्कम मात्र वेगळ्या वहीत.

जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात. रेराखाली (स्थावर मालमत्ता कायद्याखाली) बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून 5 वर्षं राहते, तेव्हा क्यूबचे रिपोर्ट तोवर तरी हलवू नका. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र कधीच रद्दीत जात नाही.