ट्रेडमार्क शिकताना शब्द एकटा वाचू नका

एलएलबीला आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) हा विषय घेतलेल्या किंवा ट्रेडमार्क एजंटच्या परीक्षेला बसणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा, माल आणि सेवांचे वर्ग ४५, नोंदणी १० वर्षांची आणि पुढे नूतनीकरण, एवढं तुम्हाला ठाऊक आहेच.

मला अडवलं ते कलम ९ ने. 'वर्णनात्मक शब्दाला, म्हणजे मालाचंच वर्णन करणाऱ्या शब्दाला, नोंदणी नाही' हे पाठ होतं, तरी उदाहरण समोर आलं की गोंधळ व्हायचा, कारण मी शब्दाकडेच बघत राहायचे. तो शब्द कोणत्या मालावर लागणार, हे आधी बघायचं असतं. जालन्याचंच घ्या. मोसंबीच्या रसाला 'मोसंबी' हे नाव मागितलं तर मिळणार नाही. रस विकणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द लागतो. तेच नाव लोखंडी सळईला मागा. सळईचा मोसंबीशी काही संबंध नाही, म्हणून तिथे ते भक्कम चिन्ह ठरतं. 'अस्सल' मात्र कुठल्याही मालाची स्तुतीच. बियाण्याला 'जालना'? गाव सांगणारा शब्द, कलम ९(१)(ब) आडवं येतं. आणि 'जालना मोसंबी' हे तर भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालाची ओळख. त्याचा कायदा वेगळा, ते एका व्यापाऱ्याच्या मालकीचं होत नाही.

अर्जाच्या तारखेआधीच्या वापराने नावाला ओळख मिळाली असेल, तर वर्णनात्मक शब्दही नोंदवता येतो. त्याला जुनी बिलं, जाहिराती, विक्रीचे आकडे लागतात. 'आमचं नाव अख्ख्या मोंढ्यात चालतं' एवढ्यावर भागत नाही.

शब्द, चित्र, रंगसंगती, आकार, ध्वनी हे प्रकार एका बैठकीत होतात. गल्लत होते ती सामूहिक आणि प्रमाणन चिन्हांत. सामूहिक चिन्ह संघटनेचं, वापरतात तिचे सभासद. प्रमाणन चिन्हाच्या मालकाला स्वतः त्या मालाचा व्यापार करता येत नाही. तो फक्त दर्जाची खात्री देतो. उदाहरणार्थ, लोकरीच्या कपड्यांवरचं वूलमार्क.

गाईड बाजूला ठेवा. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर वाचा, मग ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या (नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर खऱ्या अर्जांचे तपासणी अहवाल, म्हणजे अर्जावरचे आक्षेप, आणि त्यांना दिलेली उत्तरं वाचा. ज्याच्या हाताखाली शिकायचं तो सीनियर वकील मोठ्या नावाचा नको, तुमचा मसुदा लाल पेनाने खोडून परत देणारा हवा. नुसत्या फायली वाहायला लावणाऱ्याकडे वर्ष घालवू नका.

तपासणी अहवाल मिळाल्यापासून उत्तराला एकच महिना असतो. तो हुकला की अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं आणि पक्षकाराला नव्या तारखेने पुन्हा सुरुवात करावी लागते. रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झालं म्हणून 'झालं' असंही सांगू नका. विरोधासाठी पुढे चार महिने असतात.

मुंबईत खोली घ्यायलाच हवी असं मात्र नाही. अर्ज ऑनलाइन, सुनावणी व्हिडिओवर. परभणीत बसून हे काम नीट करता येतं. मराठी माध्यमातून आलात तरी घाबरू नका, मसुद्याची इंग्रजी ठरावीक असते, हात बसतो. आजच आपल्या बाजारपेठेतल्या दहा पाट्या वहीत उतरवा, प्रत्येकीपुढे माल लिहा आणि कलम ९ उघडून बसा.