धंद्यात स्वतःबद्दल बोलायचं कसं: विशेषणं गाळा, पत्ता सांगा

पर्सनल ब्रँडिंग म्हटलं की एकच सल्ला मिळतो: ब्लेझर शिवा, हाताची घडी घालून फोटो काढा आणि नावाखाली ‘व्हिजनरी’ लिहा. मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. गळक्या छताखाली बादली लावून बसलेल्या माणसाला व्हिजनरी नको असतो. आमच्यासारख्या इमारतीची गळती याने आधी थांबवली आहे का, आणि ॲडव्हान्स घेऊन गायब तर होणार नाही ना, एवढंच त्याला कळायला हवं असतं. तुमचं केटरिंग असो की क्लासेस, गिऱ्हाइकाच्या मनात हेच दोन प्रश्न असतात.

आधी नाव एक करा. पाटी, बिल, गूगल, व्हॉट्सॲप सगळीकडे तेच, त्याच स्पेलिंगने. क्यूआर स्कॅन केल्यावर भलतंच नाव दिसलं की गिऱ्हाईक थबकतं, म्हणून खातंही धंद्याच्या नावाने उघडा. दुकानाची पाटी देवनागरीत हवी आणि ती अक्षरं बाकीच्या लिपीपेक्षा लहान नकोत, तसा कायदाच आहे. एकट्या मालकाला किंवा छोट्या उद्योगाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकारासाठी, ४,५०० रुपयांत करता येतो. नोंदणी होईपर्यंत नावापुढे गोलातला ‘आर’ लावू नका, कायद्याने चालत नाही. ‘टीएम’ चालतं.

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. करून टाका.

फोटोत तुम्ही नसलात तरी चालेल, तारीख हवी. आमच्याकडे मे महिन्यात छताच्या ओल्या कोपऱ्याचा फोटो काढतात आणि जुलैत, चांगला पाऊस झाल्यावर, त्याच कोपऱ्याचा पुन्हा. दोन्ही फोटोंत तोच पंखा आला पाहिजे. पंखा ओळखू आला की घर तेच आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. घरमालकाला विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकू नका, आणि दारावरची नावाची पाटी फ्रेममध्ये घेऊ नका.

आता अवघड भाग, म्हणजे तोंड उघडणं. मला हाच सगळ्यात जड गेला.

सोसायटीचं जिन्याखालचं ऑफिस, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, गार होत चाललेला चहा. सेक्रेटरी काका चष्म्यावरून बघत विचारतात, “काय करता आपण?” आणि आपला माणूस म्हणतो, “काही नाही काका, असंच छोटंमोठं वॉटरप्रूफिंगचं बघतो.” झालं. इथून पुढे तुम्ही कितीही नीट समजावून सांगा, ते छोट्यामोठ्याच भावात मागणार. याच्या उलट टोकाला ‘मुंबईत नंबर वन, क्वालिटीत तडजोड नाही’ म्हणणारे असतात. त्यांच्याकडे समिती हसून बघते आणि पुढचं कोटेशन उघडते.

यातून मार्ग दोन वाक्यांचा आहे. कोणासाठी काय करता ते पहिल्यात, आणि ते कुठे पाहायला मिळेल ते दुसऱ्यात. “जुन्या सोसायट्यांच्या गच्चीची आणि बाथरूमची गळती थांबवतो. मागच्या गल्लीतल्या इमारतीची गच्ची गेल्या उन्हाळ्यात केली, तिथल्या चेअरमनसाहेबांना विचारून या.” यात एकही विशेषण नाही. ‘विचारून या’ म्हटलं की ती फुशारकी राहत नाही, पडताळून बघता येईल अशी माहिती होते. मात्र त्या चेअरमनना आदल्या दिवशी फोन करून ठेवा. न विचारता नाव दिलंत, तर ते वैतागून काय बोलतील याचा नेम नाही.

ही वाक्यं मोठ्याने म्हणून, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. हिंदीतही तोंडात बसवा, मुंबईतल्या समितीत खजिनदार गुजराती आणि चेअरमन तमिळ असू शकतात. पाठांतर केल्यासारखं वाटलं तर शब्द बदला, पण पत्ता गाळू नका.

‘आपलं काम बोलतं’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. काम बोलतं, पण ते गच्चीवर बोलतं. खाली ऑफिसात बसलेल्यांना ते ऐकू येत नाही. मराठी माणसाला विकता येत नाही हेही मला पटत नाही. १९५२ साली विको सुरू करणाऱ्या केशव पेंढरकरांनी दंतमंजन घरोघरी जाऊन विकलं होतं.

दर सांगताना हीच कसोटी पुन्हा लागते. ‘थोडं जास्त वाटेल, पण’ अशी सुरुवात केलीत की दर तुम्हीच पाडलात. आकडा सांगा, त्यात काय काय येतं ते सांगा, आणि गप्प बसा. समोरचे एकमेकांकडे बघतात, कुणीतरी घसा खाकरतं. तुम्ही बोलू नका. त्या शांततेत घाबरून सूट देणारे मी खूप पाहिलेत. घासाघीस झालीच तर दराबरोबर कामही कमी करा: “पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, आतली बाजू वगळू का?” बहुतेकदा उत्तर ‘नको’ येतं.

काय करत नाही तेही सांगा. “बाथरूमचा पाइप फुटलाय, यात माझं काम नाही, प्लंबर बोलवा.” हातचं काम सोडणाऱ्याचा नंबर लोक जपून ठेवतात.

रिव्ह्यू मागायला लाजू नका, पण वेळ बघा. गळतीच्या कामात पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावरच. ‘छान काम’ नको. कुठे गळत होतं आणि आता काय स्थिती आहे, ते लिहायला सांगा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर दोन ओळींत उत्तर द्या: कधी येऊन बघतो ते. तिथे भांडण मांडू नका.

रील्स जमत असतील तर करा, नसतील तर सोडा.

व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. तेव्हा शेवटचं बिल देताना समोरच्याला फोन काढायला सांगा आणि तुमचं नाव ‘वॉटरप्रूफिंग’ या शब्दासकट तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. नुसत्या ‘दादा’ नावाने सेव्ह झालात, तर पुढच्या जूनमध्ये त्यांना तुम्ही सापडणार नाही.