गरुडाच्या पाठीवरचं ओझं

दर हिवाळ्यात दोन-चार मेल येतातच. "ताई, गरुडांना ट्रान्समीटर लावायचं काम कसं मिळतं?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी गाडी चालवायला शिक. समोरच्याला वाटतं मी टाळतेय. पण अमेरिकेतल्या व्हर्जिनियात चेसापीक उपसागराच्या काठी बाल्ड ईगलची घरटी असतात ती कुणाच्या तरी शेताच्या टोकाला, खाडीलगतच्या उंच लॉबलॉली पाइनवर. तिथे बस जात नाही. सांगलीहून मास्टर्सला आले तेव्हा मला फक्त स्कूटी येत होती. पहिला सगळा वसंत मी दुसऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर, दोरखंडांच्या पिशवीला टेकून काढला.

आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसतो, त्याचा हा नातलग. मासे हेच मुख्य अन्न. नावात बाल्ड असलं तरी टक्कल वगैरे नसतं. डोकं पांढरं असतं, तेही मोठेपणी. पिल्लू चोचीपासून शेपटीपर्यंत तपकिरी असतं आणि डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. या मधल्या वर्षांत ते कुठे भटकतं, हाच आमचा प्रश्न.

हा प्रश्न जुनाच आहे. 1939 मध्ये चार्ल्स ब्रोली नावाचे कॅनडातले निवृत्त बँक मॅनेजर साठीच्या उंबरठ्यावर फ्लोरिडातल्या झाडांवर चढू लागले आणि पुढे हजाराहून अधिक पिल्लांच्या पायांत त्यांनी कडी घातली. फ्लोरिडात जन्मलेली पिल्लं उन्हाळ्यात सरळ उत्तरेला, पार कॅनडापर्यंत जातात, हे त्या कड्यांवरून कळलं. पण कड्याची खबर मिळायला पक्षी कुणाच्या तरी हाती लागावा लागतो, बहुतेकदा मेलेला. ट्रान्समीटर, म्हणजे पक्ष्याची जागा कळवणारं यंत्र, जिवंतपणीच बोलतो.

तो लावायचा मुहूर्त अरुंद असतो. पिल्लू फार लहान असेल तर पट्टा बसत नाही. आठ आठवड्यांच्या पुढे गेलं की माणूस पाहून घरट्याबाहेर उडी मारायची भीती. प्रशिक्षित माणूस वर चढतो आणि पिल्लू पिशवीत घालून दोरीने खाली सोडतो. खाली आम्ही. डोळ्यांवर कातडी टोपी चढवली की ते एकदम शांत होतं. मग वजन, चोचीची जाडी, मागच्या नखाची लांबी. नर की मादी ते या मापांवरून ठरतं, मादी मोठी. सगळा भार शरीराच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे चार किलोच्या पिल्लाला 120 ग्रॅमपर्यंत. आमचं यंत्र साधारण 70 ग्रॅमचं. टेफ्लॉनचे पट्टे दप्तरासारखे पाठीवर बसवतात आणि छातीवर सुती दोऱ्याने शिवतात. दोरा मुद्दाम सुती, म्हणजे काही वर्षांनी कुजून ओझं आपोआप गळून पडावं. माझ्याकडे पहिल्या वर्षी काम होतं पाय धरायचं. ते हलकं समजू नका. नखं माझ्या करंगळीएवढी, आणि मासळीचा असा वास की साबण लावूनही दोन दिवस हातावरून जात नाही.

परवानगी प्राध्यापकांच्या नावावर असते, आपण त्यांच्या हाताखाली. गरुडांच्या संरक्षणाचा कायदा 1940 पासूनचा आहे आणि भलताच कडक. घरट्याखाली पडलेलं एक पीस मी सहज वहीत ठेवलं, आईला दाखवायला. सरांनी पाहिलं आणि तिथल्या तिथे काढून घेतलं. परवान्याशिवाय गरुडाचं पीस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. मेलेले गरुड आणि पिसं कोलोरॅडोतल्या सरकारी भांडारात जातात आणि तिथून मूलनिवासी जमातींच्या लोकांना धार्मिक विधींसाठी दिली जातात. आणखी एक: गवतातून आल्यावर रोज रात्री गोचिड्या तपासा. त्यांच्या चाव्यातून होणारा लाइम रोग हा इथला नेहमीचा पाहुणा.

झाडाखालचे दिवस वर्षातून जेमतेम पंधरा-वीस. उरलेलं वर्ष लॅपटॉपसमोर. त्यामुळे 'आर' ही आकडेवारीची संगणकभाषा आणि नकाशांचं सॉफ्टवेअर आधीच शिका. मूव्हबँक या प्राण्यांच्या प्रवासाच्या ऑनलाइन संग्रहात खऱ्या पक्ष्यांच्या कितीतरी नोंदी मोफत मिळतात, पुण्यात बसूनही हात बसवता येईल. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत मास्टर्स करूनही या वाटेला लागता येतं.

माझी पहिली मोठी चूकही लॅपटॉपवरचीच. मी ऐटीत आलेख दाखवला: गरुड सकाळी दहापर्यंत झोपतो आणि रात्री दहाला मासे पकडायला जातो. सरांनी शांतपणे विचारलं, "नक्की गरुडच ना? घुबड नाही?" नोंदी जागतिक प्रमाणवेळेत येतात आणि उन्हाळ्यात इथली वेळ चार तास मागे असते, हे मी विसरले होते.

नकाशावर पक्ष्याचा ठिपका एकाच जागी बसून राहिला की पोटात गोळा येतो. पहिलं वर्ष पिल्लांना जड जातं. एकदा तीन दिवस न हललेल्या ठिपक्यामागे गेलो, तर पिल्लू रस्त्याकडेला मेलेल्या हरणावर खुशाल ताव मारत होतं. दुसऱ्या वेळी विजेच्या खांबाखाली सापडलं, पंख पसरलेले. हात न लावता फोटो काढायचे, जागा नोंदवायची, सरांना फोन करायचा. हे मला पाठ होतं, तरी फोन लावायला मी दहा मिनिटं घेतली.

आणि कधी ठिपका येतच नाही. जुनी आर्गोस यंत्रणा थेट उपग्रहाशी बोलते. आमची यंत्रं जागा जीपीएसवरून घेतात, पण माहिती पाठवतात मोबाइल टॉवरमार्फत. टॉवर नसला की नोंदी पोटात साठवून ठेवतात. पिसांखाली सौरपट्टी झाकली गेली तरी गप्प. माझी एक मादी जुलैत घरट्याचा परिसर सोडून उत्तरेला निघाली आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये शिरताच मुकी झाली. तेवीस दिवस. मी यादीत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. एका संध्याकाळी किराणा दुकानाच्या रांगेत फोन थरथरला आणि तीनशेच्या वर नोंदी एकदम उतरल्या. ती सेंट लॉरेन्स नदीकाठी परतली होती. कोथिंबीर तशीच ट्रॉलीत टाकून मी गाडीत जाऊन लॅपटॉप उघडला. आधी टाइम झोन तपासला.