सर्व्हिस लेयर लिहिताना या चुका टाळा

सर्व्हिस लेयर म्हणजे ॲपचे कामाचे नियम चालवणारा कोडचा थर. सर्वांत महागात पडणारी चूक आधी: ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडं ठेवून बाहेरच्या सेवेला कॉल करणं.

नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याची आवक जोरात असताना अडत्याच्या सॉफ्टवेअरचं काय होतं ते बघा. हर्रास (लिलाव) झाला की पट्टी (शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब) सेव्ह होते आणि त्याच मेथडमधून शेतकऱ्याला एसएमएस जातो. मेथडवर ट्रान्झॅक्शनल (पूर्ण मेथड एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवणारी खूण) लावलेलं, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेचं उत्तर येईपर्यंत डेटाबेसचं कनेक्शन अडकलेलं. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या हिकारी पूलमध्ये (तयार कनेक्शनच्या साठ्यात) मुळात 10 कनेक्शन असतात. गेटवेला 3 सेकंद लागले तर सेकंदाला जेमतेम 3 पट्ट्या निघतात. गेटवे लटकला तर अकरावी पट्टी 30 सेकंद थांबून एरर देते. लॉग वाचून सगळे डेटाबेसला दोष देतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत (चालू कनेक्शनच्या यादीत) बघा, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ची, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून रिकाम्या बसलेल्या कनेक्शनची, रांग दिसेल. डेटाबेस नुसता बसून आहे.

मग कोणीतरी घाईने पूल 50 करतो. हा उपायच नाही. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनची; ॲपचे दोन सर्व्हर असले की तीही संपली. त्यापेक्षा पट्टीसोबत, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, ‘पाठवायचे निरोप’ अशा टेबलात एक ओळ टाका आणि कमिट (पक्कं) करा. वेगळा जॉब त्या ओळी उचलून एसएमएस पाठवेल. पट्टी रोलबॅक (रद्द) झाली तर निरोपही जात नाही. जॉब मध्येच पडला तर एसएमएस दोनदा जाऊ शकतो, तेवढं चालतं. न झालेल्या पट्टीचा निरोप मात्र शेतकऱ्याला जाता कामा नये. गेटवेच्या कॉलला टाइमआउट द्याच: कनेक्टला 2, रीडला 5 सेकंद ही आमची सवय.

रोलबॅकचीही एक खोच आहे. स्प्रिंग मुळात फक्त रनटाइम एक्सेप्शन आणि एररवर रोलबॅक करतं. चेक्ड एक्सेप्शन (जे हाताळायला कंपायलर भाग पाडतो) बाहेर पडलं तर अर्धवट काम खुशाल कमिट होतं. ट्रान्झॅक्शनलमध्ये रोलबॅकफॉर लिहून तेही एक्सेप्शन जोडा. आणि त्याच क्लासमधली मेथड थेट बोलावली तर प्रॉक्सी (ट्रान्झॅक्शन उघडणारा स्प्रिंगचा मध्यस्थ) मध्ये येतच नाही, त्यामुळे तिच्यावरचं ट्रान्झॅक्शनल लागू होत नाही. ती मेथड दुसऱ्या क्लासमध्ये हलवा.

एंटिटी (टेबलाशी जोडलेला क्लास) जशीच्या तशी जेसनमध्ये (ॲपला जाणाऱ्या डेटाच्या मजकुरात) पाठवू नका. तिच्यातल्या फील्डचं नाव बदललं की मोबाइल ॲप पडतं. डीटीओ (फक्त पाठवायच्या डेटाचा वेगळा क्लास) लिहायचा कंटाळा नंतर भारी पडतो.

‘फक्त रिपोर्टसाठी’ म्हणून एक्सेल थेट टेबलाला जोडू देऊ नका. निदान व्ह्यू (टेबलातला निवडक भाग दाखवणारी क्वेरी) करून द्या, तोही फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या युजरने.