आकाराचा ट्रेडमार्क: अर्ज करण्याआधी तपासायच्या गोष्टी

भारतात वस्तूचा किंवा वेष्टनाचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतो. ट्रेडमार्क कायदा, 1999 मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. पण आधी कलम 9(3) वाचा. आकार निव्वळ वस्तूच्या स्वरूपातून आलेला असेल, तांत्रिक काम साधण्यासाठी आवश्यक असेल किंवा वस्तूला भरीव मूल्य देत असेल, तर नोंदणी मिळत नाही. वीस वर्षांची विक्री दाखवली तरी ही अडचण सुटत नाही. म्हणून ‘या खाचेमुळे पकड घट्ट बसते’ असं माहितीपत्रकात छापू नका. तेच वाक्य हरकतीत तुमच्यासमोर येऊ शकतं. पेटंटच्या अर्जातही त्या खाचेचं काम सांगितलं असेल, तर बाजू आणखी कमकुवत होते.

2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोर्बाचोव वोडकाच्या घुमटाकार बाटलीसारखी बाटली वापरायला अंतरिम मनाई केली. त्या आकाराचा वोडकाच्या कामाशी संबंध नव्हता, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. (दावा पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा होता; तो नोंदणीवर अवलंबून नव्हता.)

दुसरी कसोटी ओळखीची. नाव झाकलं तरी ग्राहक माल तुमचाच म्हणून ओळखतो का? इथेच बहुतेक अर्ज अडकतात, कारण पुरावे नावाचे असतात, आकाराचे नसतात. नुसती बिलं आणि उलाढाल पुरेशी नाही. आकार ठळक दाखवणाऱ्या तारीखवार जाहिराती, विक्रेत्यांची शपथपत्रं आणि नाव झाकून घेतलेलं ग्राहक सर्वेक्षण जोडा. ही ओळख अर्जाच्या तारखेआधीची हवी.

अर्ज टीएम-ए नमुन्यात. चिन्हाचा प्रकार निवडताना ‘वस्तूचा आकार’ घ्या, साधं चित्र नको. किमान पाच वेगवेगळ्या बाजूंची चित्रं आणि आकाराचं शब्दांत वर्णन लागतं. चित्रात लेबल ठेवलंत, तर संरक्षण लेबलासह आकाराला मिळतं, नुसत्या आकाराला नाही. ऑनलाइन शुल्क मालाच्या प्रत्येक वर्गासाठी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना 4,500 रुपये, इतरांना 9,000. आधीपासूनचा वापर दाखवायचा तर शपथपत्र अर्जासोबतच द्या. तपासणी अहवाल मिळाल्यापासून महिन्याभरात उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचं धरलं जाऊ शकतं. ट्रेडमार्क जर्नल या अधिकृत पत्रिकेत प्रसिद्धी झाल्यावर इतरांना विरोधासाठी चार महिने असतात.

आकार अजून बाजारात आलाच नसेल, तर आधी डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी करा. संरक्षण 10 वर्षं, वर 5 वर्षांची मुदतवाढ. मात्र हा अर्ज आकार लोकांसमोर येण्याआधीच जायला हवा; सर्वसाधारणपणे प्रदर्शनात किंवा इन्स्टाग्रामवर तो दिसला की नावीन्य संपतं.